फॅन आणि ओव्हरक्लॉक: बायोसमधून करायचं की सॉफ्टवेअरमधून?

केस आणि सीपीयूचे फॅन सरळ बायोसमध्येच (मदरबोर्डमधलंच मूळ सॉफ्टवेअर) सेट करा, कारण ते विंडोज लोड व्हायच्या आधीपासून चालतं आणि उद्या लिनक्स टाकलं तरी तसंच राहतं, विंडोजमधलं सॉफ्टवेअर मात्र क्रॅश झालं की फॅन कुठल्या स्पीडला अडकेल नेम नाही. पीसी चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा म्हणजे बायोस उघडेल, फॅन कंट्रोलमध्ये ४ पिनवाल्याला पीडब्ल्यूएम (सिग्नलने स्पीड बदलणारा), ३ पिनवाल्याला डीसी (व्होल्टेजने स्पीड बदलणारा) मोड द्या (चुकलं तर ३ पिनवाला कायम फुल स्पीडने बोंबलतो). सीपीयूचं तापमान ५० डिग्रीपर्यंत असताना फॅन ३०-४० टक्के, ८० च्या पुढे १०० ठेवा. स्टेप-अप टाइम (तापमान वाढल्यावर फॅनने वेग वाढवायला लावायचा वेळ) २-३ सेकंद करा, नाहीतर नुसता ब्राउजर उघडला तरी घूंऽऽ.

ओव्हरक्लॉकचं (सीपीयू ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचं) मात्र उलटं. आधी रायझन मास्टर (एएमडीच्या सीपीयूसाठी) किंवा इंटेल एक्सटीयू (इंटेलच्या सीपीयूसाठी) या सॉफ्टवेअरमध्ये वेग थोडा थोडा वाढवत स्ट्रेस टेस्ट (पूर्ण लोड देऊन चाचणी) करायची, स्टेबल आकडे सापडले की तेच बायोसमध्ये टाकायचे आणि सॉफ्टवेअर उडवायचं, दोन्हीकडून एकदम खेळू नका. ग्राफिक्स कार्डला मदरबोर्डचा बायोस हात लावत नाही, तिथे आफ्टरबर्नरसारखं सॉफ्टवेअरच.

पीसी चालूच होईना तर घाबरू नका, क्लिअर सीमॉस करा (म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळ स्थितीत आणा).