स्प्लिट एसीला व्हॅक्यूम मारताना: पाइपातलं पाणी उकळवायचं कसं

नवा स्प्लिट एसी बसवताना आतल्या आणि बाहेरच्या युनिटला जोडणारा पाइप गॅस सोडण्याआधी पंपाने रिकामा करतात, त्याला व्हॅक्यूम मारणं म्हणतात. दहा मिनिटं पंप चालवून 'व्हॅक्यूम झाला' म्हणणारे फक्त हवा काढतात. पावसाळ्यात तोंड उघडं राहिलेल्या तांब्याच्या पाइपात ओल असतेच, आणि तिची वाफ केल्याशिवाय ती बाहेर येत नाही. म्हणजे पाणी आहे त्याच तापमानाला उकळवायचं.

पाण्याचा बाष्पदाब (त्याच्या वाफेचा दाब) ३० अंश सेल्सिअसला सुमारे ३२ मिमी पारा, २० ला १७.५, १० ला ९.२ आणि शून्याला ४.६. आतला दाब त्याखाली गेला की पाणी उकळतं. थंडीत काम जास्त वेळ खातं ते यामुळेच.

साध्या मॅनिफोल्ड गेजवर (होज जोडून दाब वाचायच्या काट्याच्या मीटरवर) ही शेवटची काही मिमी वाचताच येत नाहीत. शिवाय पुण्याला, सुमारे ५६० मीटर उंचीवर, हवेचाच दाब २८ इंच पाऱ्याच्या आसपास, त्यामुळे पूर्ण व्हॅक्यूमलाही काटा त्यापुढे जात नाही. काटा तिथेच अडकला म्हणून पंपाला दोष देऊ नका. अगदी कमी दाब मोजणारा मायक्रॉन गेज लावा (१००० मायक्रॉन म्हणजे १ मिमी पारा), आणि तो पंपाजवळ नको, पाइपाच्या बाजूला हवा.

आधी कोरडा नायट्रोजन भरून फ्लेअर नटांना (पाइप जोडणाऱ्या पितळी नटांना) साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर लीकेज. दाब मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच. ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. नायट्रोजन सोडून पंप जोडा. आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह या सगळ्या वेळात बंदच, कारण एसीचा गॅस तिथे भरलेला असतो. पहिली काही मिनिटं पंपाचा गॅस बॅलास्ट उघडा ठेवा (पंपात थोडी हवा घेणारी झडप, वाफ तेलात पाणी होऊन साचू नये म्हणून). पंपाचं तेल दुधाळ झालं असेल तर आधी बदला. त्यातल्या पाण्याचीच वाफ होत राहते आणि पंपाने दाब खाली उतरत नाही.

५०० मायक्रॉनखाली आलं की पंपाकडचा कॉक बंद करून दहा मिनिटं थांबा. आकडा न थांबता चढत गेला तर लीकेज. चढून १५००–२००० च्या आसपास स्थिरावला तर ओल. हजाराखाली टिकला तर पुढे जा.

खरी फसगत वेगळीच आहे. वाकणात पाणी साचलेलं असेल आणि पंप दमदार असेल, तर उकळताना पाणी स्वतःचीच उष्णता घालवतं आणि गोठतं. उणे २० अंशांच्या बर्फाचा बाष्पदाब पाऊण मिमीच्या आसपास, म्हणून गेज ७००–८०० दाखवतो आणि आत बर्फ बसलेला! अशा वेळी कोरडा नायट्रोजन हवेच्या दाबाच्या किंचित वर भरा, वाकणाला गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा, थोडं थांबून पुन्हा व्हॅक्यूम ओढा. हे दोनदा करा. गॅसच्या टॉर्चची ज्योत लावू नका.

फ्रिजमध्ये असं राहिलेलं पाणी कॅपिलरीच्या (गॅस जायच्या केसासारख्या बारीक नळीच्या) तोंडाशी गोठून ती चोक करतं, ते लगेच कळतं. एसीचा इव्हॅपोरेटर (आतल्या युनिटमधली थंड कॉइल) शून्य अंशाच्या वर असतो, त्यामुळे इथे काहीच दिसत नाही. पाणी कॉम्प्रेसरच्या पीओई तेलात (पॉलिओलेस्टर, पाणी शोषणारं तेल) मुरतं, आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग जातं. तेलात मुरलेलं पाणी नंतर व्हॅक्यूमने नीटसं निघत नाही.

शेवटी ॲलन कीने बारीक पाइपाचा व्हॉल्व्ह किंचित उघडून आत थोडा दाब येऊ द्या, होज झटकन काढा, मग दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडून टोप्या घट्ट बसवा.