कमी दाबाच्या नळावर कॅरव्हॅन उभी करताना

वेरूळ-खुलताबादच्या परिसरात, पैठणला नाथसागराच्या काठी किंवा नळदुर्गाच्या वाटेवर एखाद्या कृषी पर्यटन केंद्रात कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायचे फिरते घर, म्हणजेच ट्रेलर) उभी केली की जागा, सावली आणि विजेचे कनेक्शन यांची सोय बहुधा होते. अडते ते पाण्यापाशी. नळाला पाणी असते, पण ट्रेलरला पाइप जोडून आतला शॉवर सुरू केला की चार धारा ओघळतात आणि गीझर तर पेटतच नाही. २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यानंतर अशा गाड्या मराठवाड्यातही अधूनमधून दिसू लागल्या आहेत, परंतु त्यांची आतली नळजोडणी ज्या दाबाच्या हिशेबाने केलेली असते, तो दाब आपल्याकडच्या शेतावर सहसा मिळत नाही.

हा हिशेब एकदा समजून घेतला की निम्मा त्रास कमी होतो. ठिबकवाले आणि प्लंबर ज्याला ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब, तो मिळण्यासाठी पाण्याची पातळी सुमारे १० मीटर उंच असावी लागते. ट्रेलरमधील नळ आणि शॉवर नीट चालायला साधारण अडीच ते साडेतीन किलो दाब लागतो. शेतावरच्या टाकीचा तळ मात्र लोखंडी स्टँडवर किंवा गच्चीवर जमिनीपासून ४ मीटरच्या आसपास असतो. ट्रेलरची फरशी जमिनीपासून वर आणि शॉवर त्याहून वर, म्हणजे शॉवरचे तोंड जमिनीपासून सव्वादोन-अडीच मीटरवर जाते. उरलेल्या दीड मीटरमधून मिळणारा दाब ०.१५ किलो इतकाच असतो, आणि पाइपमधील घर्षण त्यातूनही आपला वाटा घेते. केंद्राच्या मालकांनी नळ कितीही मोठा उघडून दिला तरी ही उंची वाढत नाही.

म्हणून पहिले काम तपासणीचे आहे. तालुक्याच्या कोणत्याही ठिबकच्या दुकानात शून्य ते चार किलोचा प्रेशर गेज आणि त्याला लागणारा टी-जोड मिळतो. तो नळ आणि पाइप यांच्यामध्ये बसवावा. आधी ट्रेलरमधील सर्व तोट्या बंद ठेवून आकडा पाहावा, मग एक तोटी पूर्ण उघडून पुन्हा पाहावा. बंद असताना दोन किलो आणि उघडताच काटा पाव किलोवर आला, तर दाब मुळात आहे, परंतु गेजच्या अलीकडे, म्हणजे केंद्राच्या लाइनमध्ये किंवा नळात, अडथळा आहे. दोन्ही वेळा काटा दोन किलोच्या आसपास राहूनही आत धार बारीक असेल, तर अडथळा गेजच्या पलीकडे, म्हणजे तुमच्या पाइपमध्ये किंवा ट्रेलरमध्ये आहे. आणि तोटी बंद असतानाच काटा पाव किलोवर असेल, तर जाळ्या साफ करण्यात वेळ घालवू नये, कारण तिथे दाबच नाही. गेज नसेल तर १५ लिटरची बादली किती वेळात भरते ते थेट नळावर आणि मग पाइपच्या दुसऱ्या टोकाला पाहावे. दोन्ही वेळांत मोठा फरक निघाला तर दोष पाइपचा.

पाइपचा दोष वाटतो त्यापेक्षा फार वेळा निघतो. बागेला पाणी घालण्याचा अर्ध्या इंचाचा स्वस्त पाइप अनेक जण ट्रेलरलाही वापरतात. तेवढेच पाणी वाहत असताना पाऊण इंचाच्या पाइपपेक्षा अर्ध्या इंचाच्या पाइपमध्ये दाबाचा ऱ्हास सुमारे सातपट होतो. मूळ दाबच कमी असताना ही चैन परवडत नाही. पाइप पाऊण इंची, पिण्याच्या पाण्यासाठी योग्य असा आणि गरजेपुरताच लांब असावा. ३० मीटरचे वेटोळे तसेच ठेवून त्यातील ५ मीटर वापरण्यात काही अर्थ नसतो. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात मऊ पडलेला पाइप वळणावर दुमडतो, तेव्हा तो सावलीतून न्यावा.

त्यानंतर ट्रेलरच्या पाणी घेण्याच्या तोंडाशी असलेली वॉशरची जाळी काढून पाहावी. बोअरच्या पाण्याबरोबर येणारी बारीक रेती आणि गंजाचे कण तिथेच अडकतात. बाहेर गाळणी लावली असेल तर तिचे काडतूस (आतला बदलायचा भाग) किती जुने आहे ते पाहावे. पाच मायक्रॉनची गाळणी गढूळ पाण्यावर लवकर तुंबते. तिच्या आधी ठिबकची साधी जाळीची गाळणी लावली तर तिचे आयुष्य वाढते आणि ती जाळी धुऊन पुन्हा वापरता येते. गरम पाण्याचीच धार बारीक आणि थंड पाण्याची ठीक असेल, तर दोष गीझरकडच्या जोडणीत आहे, म्हणजे बायपासची (पाणी गीझरला वगळून नेणारी) चावी अर्धवट राहिलेली असते किंवा आत क्षार साचलेला असतो. आपल्या काळ्या दगडातल्या बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. तोट्यांच्या टोकाच्या जाळ्या आणि शॉवरचे तोंड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवले की ती पांढरी खपली सुटते.

अडथळा नसून दाबच नसेल, तर माझे मत स्पष्ट आहे: नळाकडून दाबाची अपेक्षा सोडून द्यावी. नळाने टाकी भरावी आणि दाब ट्रेलरच्या स्वतःच्या पंपाने द्यावा. ट्रेलरची पाण्याची टाकी पलंगाखाली किंवा फरशीच्या खाली, म्हणजे बरीच खालच्या पातळीवर असते. त्यामुळे जिथे शॉवर चालत नाही तिथेही तिच्यात पाणी सहज उतरते. मिनिटाला ५ लिटर एवढ्या धारेने १०० लिटरची टाकी २० मिनिटांत भरते. भरताना पाणी तोंडाशीच उसळून परत येऊ लागले तर टाकीची हवा जाण्याची बारीक नळी तुंबलेली आहे असे समजावे. अशा वेळी नळ आणखी मोठा करून उपयोग होत नाही, ती नळी मोकळी करावी लागते. टाकी भरल्यावर बाहेरचा पाइप काढावा किंवा निदान नळाजवळचा कॉक बंद करावा. ट्रेलरच्या तोंडाशी एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असतो. तो झिजलेला असेल आणि कॉक उघडा राहिला, तर तुमचा पंप तुमचेच पाणी मालकांच्या लाइनमध्ये ढकलत राहतो.

बारा व्होल्टचा हा पंप साधारण मिनिटाला १० लिटर पाणी देतो आणि दाब तीन ते पावणेचार किलोच्या दरम्यान गेला की आपोआप थांबतो. तो चालत असूनही पाणी मंद येत असेल तर त्याच्या तोंडाजवळची छोटी पारदर्शक जाळी उघडून धुवावी. धारेत हवेचे फुत्कार येत असतील तर टाकी ते पंप या बाजूचा एखादा क्लॅम्प सैल आहे. पंप चालू असताना त्याच्या तारांवर मल्टिमीटर लावावा. व्होल्टेज ११ च्या खाली जात असेल तर दोष बॅटरीचा किंवा बारीक तारेचा आहे, पंपाचा नव्हे. सर्व तोट्या बंद असतानाही पंप अधूनमधून धडधडतो, याचा अर्थ कुठेतरी गळती आहे किंवा पंपाचा आतला व्हॉल्व्ह पाणी परत सोडतो आहे. हाच व्हॉल्व्ह खराब असेल तर नळ थेट जोडल्यावर टाकी न सांगता भरत जाते आणि गाडीखाली डबके साचते.

शहरातल्या सवयीने काही जण थेट नळाला टिल्लू मोटार लावतात. हे करू नये. नगरपालिकेच्या नळावर ते नियमबाह्य आहे, आणि शेतावरच्या लाइनवरही मोटार पाणी ओढते तेव्हा पाइपमध्ये उणा दाब तयार होतो, फुटक्या सांध्यातून माती आणि सांडपाणी आत खेचले जाते, शिवाय शेजारच्या खोल्यांचे पाणी तुटते ते वेगळेच. मोटार लावायचीच असेल तर नळाखाली २०० लिटरचा स्वच्छ ड्रम ठेवून तो भरू द्यावा आणि मोटारीने ड्रममधून पाणी घ्यावे. ही मोटार २३० व्होल्टवर ओल्या जमिनीत चालते, तेव्हा अर्थिंग आणि आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) यांची खात्री केल्याशिवाय तिला हात लावू नये.

याच्या उलट बाजूचा धोका बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दाब कमी वाटतो म्हणून प्रेशर रेग्युलेटर (ठरलेल्यापेक्षा जास्त दाब आत जाऊ न देणारे साधन) काढून ठेवण्याचा मोह होतो. परंतु शेतावरचा नळ कधी टाकीवरून असतो, तर कधी थेट बोअरच्या मोटारीच्या लाइनवरून. शेतीच्या फीडरला वीज ठरावीक तासच असते आणि ती बऱ्याचदा रात्री येते. संध्याकाळी पाव किलो असलेला दाब मोटार सुरू होताच पाच किलोच्या वर जाऊ शकतो आणि ट्रेलरच्या भिंतीतला एखादा सांधा झोपेत सुटतो. म्हणून पाइप जोडण्याआधीच मालकांना विचारावे, ‘‘दादा, हा नळ टाकीवरून आहे का डायरेक्ट मोटारीवर? मोटार कधी चालू होते?’’ रेग्युलेटर बारीक भोकाचा आणि प्रवाह अडवणारा असेल तर तो काढण्याऐवजी मोठ्या भोकाचा, दाब कमीजास्त करता येणारा घ्यावा आणि तो तीन-साडेतीन किलोवर ठेवावा. रात्री झोपताना कॉक बंद करण्याची सवय त्याहूनही स्वस्त पडते.

त्याच वेळी पाणी किती घ्यायचे हेही विचारून घ्यावे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. उन्हाळ्यात काही केंद्रांची टाकी टँकरने भरते, आणि तिथे पूर्ण दाबाचा शॉवर मागणे शोभत नाही. पंपाच्या दाबावर मिनिटाला ५-६ लिटरचा शॉवर आणि साबण लावताना बंद करता येणारी खटकी असली की एका आंघोळीला बादलीभर पाणी पुरते. पंप न लावता नुसत्या टाकीच्या दाबावर मात्र हा कमी पाण्याचा शॉवर चालत नाही, कारण त्याची भोके बारीक असतात. तिथे बादली आणि तांब्याच बरा.

टाकीतले पाणी वापरायचे म्हणजे टाकी स्वच्छ ठेवणे आले. हंगामाच्या सुरुवातीला १०० लिटर पाण्यात ५ टक्क्यांचे, सुगंध न घातलेले सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर घालावे, प्रत्येक तोटीतून क्लोरीनचा वास येईपर्यंत पंप चालवावा, चार तास तसेच ठेवून सर्व पाणी सोडून द्यावे आणि वास जाईपर्यंत टाकी खंगाळावी. क्लोरीनचे हे पाणी पिण्याचे नव्हे, टाकी धुण्याचे आहे. मुक्काम हलवताना १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन हे ध्यानात ठेवावे. कन्नडचा औट्रम घाट उतरायचा असेल आणि चाळीसगावकडच्या मुक्कामी पाण्याची खात्री असेल, तर वाटेत हातपाय धुण्यापुरते पाणी ठेवून बाकीचे आदल्या जागेच्या झाडांना घालून निघावे.