थीम पार्कमध्ये वाढदिवसाचा ट्रेझर हंट: काहीही न लपवता कसा आखावा

घरच्या ट्रेझर हंटमध्ये चिठ्ठ्या उशीखाली, कपाटामागे, चपलांच्या खणात लपवता येतात. थीम पार्कमध्ये हे चालत नाही. झाडाच्या बुंध्याशी ठेवलेली चिठ्ठी सफाई कर्मचारी कचरा समजून उचलतात, बाकावरची दुसऱ्याच कुणाची मुलं घेऊन जातात आणि बेवारस पाकीट दिसलं की सुरक्षारक्षकांना ते हलवावंच लागतं. म्हणून पहिला नियम: पार्कमध्ये काहीही लपवायचं नाही. तिथे आधीपासून जे उभं आहे, तेच मुलांना शोधायला लावायचं. कोडी, उत्तरं आणि खजिना, सगळं तुमच्याच माणसांच्या हातात राहतं.

इथली आखणी ८ ते ११ वर्षांची आठ मुलं आणि चार मोठी माणसं (त्यांत एक आजोबा) धरून केली आहे. उदाहरणासाठी खोपोलीजवळचं इमॅजिका घेतलं आहे. २०१३ मध्ये सुरू झालेलं हे पार्क मुंबई आणि पुणे दोन्हीकडून एका दिवसात जमतं, आणि तिथल्या बऱ्याच राइड्सना एखादी गोष्ट किंवा पात्र आहे. कोडी रचायला हे फार सोयीचं पडतं. पद्धत मात्र कुठल्याही थीम पार्कला लागू होते. अपवाद वॉटर पार्कचा. भिजलेली मुलं, अनवाणी पाय आणि ओला कागद यांत हा खेळ होत नाही.

१. आधी उंची, मग बाकी सगळं

आमंत्रण देतानाच प्रत्येक पालकाकडून मुलाची उंची मागवा, सेंटिमीटरमध्ये आणि चपलांशिवाय मोजलेली. प्रत्येक राइडच्या दाराशी उंचीची पट्टी असते आणि तिथला माणूस एका बोटाचीही सूट देत नाही. देऊही नये. पार्कच्या संकेतस्थळावर राइड्सच्या उंचीच्या अटी असतात, त्या सगळ्यांत बुटक्या मुलाच्या उंचीशी ताडून पाहा. ट्रेझर हंटमध्ये येणाऱ्या राइड्स त्या मुलालाही चालणाऱ्याच हव्यात. वाढदिवसाला आलेलं मूल कठड्याबाहेर एकटं उभं राहून बाकीच्यांना झोके घेताना बघतंय, यापेक्षा एखादी भारी राइड वगळलेली बरी. नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरवर जाऊ शकणाऱ्यांना नंतर वेगळं नेता येईल.

त्याच संदेशात आणखी तीन गोष्टी विचारा: गाडी लागते का, दमा किंवा फिट्सचा त्रास आहे का, अंधाराची भीती वाटते का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सलीमगढसारखी भुताटकीची जागा यादीत ठेवायची की नाही, हे ठरवतं. आठ वर्षांच्या आतलं एकही मूल असेल तर ती सरळ काढून टाका.

२. दिवस आणि वेळ

शाळा सुरू असताना आलेला आठवड्याचा मधला दिवस सर्वांत चांगला, पण त्यासाठी मुलांची शाळा बुडते. तो नको असेल तर परीक्षा संपल्यानंतरचा पहिला शनिवार-रविवार तरी टाळा. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी म्हणजे लांबलचक रांगा. जून ते सप्टेंबर खोपोलीच्या पट्ट्यात धो धो पाऊस पडतो आणि जोराच्या पावसात, विजांत उघड्यावरच्या राइड्स थांबवाव्या लागतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान असते.

बहुतेक जण पार्कमध्ये शिरल्या शिरल्याच खेळ सुरू करतात आणि तो फसतो. समोर रोलर कोस्टर दिसत असताना कुठलंही मूल कोडं वाचत नाही. सकाळी रांगाही छोट्या असतात, तेव्हा पहिले दोन तास मुलांना मनसोक्त राइड्स करू द्या. मग जेवण. जेवल्यावर तासभर गरगर फिरवणाऱ्या राइड्स नकोतच, नाहीतर जेवलेलं बाहेर येतं. नेमका हाच वेळ ट्रेझर हंटचा. साधारण दोन ते साडेचार, मध्ये दोन-तीन सौम्य राइड्स, शेवटी खजिना आणि केक. त्यानंतर संध्याकाळ पुन्हा मोकळी.

३. एकच टोळी, दोन संघ

आठ मुलांचे चार-चारचे दोन संघ चिठ्ठ्या टाकून करा. कप्तान नेमू नका, त्यावरूनच पहिलं भांडण होतं. प्रत्येक चिठ्ठी वाचायचा मान पाळीपाळीने द्या. पहिली चिठ्ठी अर्थातच ज्याचा वाढदिवस त्याने वाचायची.

दोन संघ पार्कच्या दोन टोकांना पाठवू नका. मुलांना राइडमध्ये मित्राशेजारीच बसायचं असतं, आणि दुसरा संघ कुठे आहे हे विचारण्यात मोठ्यांचा वेळ फोनवर जातो. त्याऐवजी पार्कच्या नकाशावर चार टप्पे निवडा आणि प्रत्येक टप्प्यावर दोन्ही संघांना वेगवेगळं कोडं द्या. दोघांनीही सोडवलं की जवळची एक राइड सगळे मिळून करतात आणि पुढच्या टप्प्याला निघतात.

हरण्याजिंकण्याचा प्रश्न अक्षरांनी सोडवता येतो. खजिना कुठे आहे ते सांगणारं, आठ अक्षरांचं एक उत्तर ठरवा. उदाहरणार्थ, "आजोबांच्या पिशवीत": आ, जो, बां, च्या, पि, श, वी, त. काना-मात्रेसह प्रत्येक अक्षर वेगळ्या कार्डावर मोठ्या ठशात लिहा. 'च्या' हे जोडाक्षर एकाच कार्डावर. दर टप्प्यावर कोडं सुटलं की संघाला एक अक्षर: एका संघाला आ, बां, पि, वी मिळतील आणि दुसऱ्याला जो, च्या, श, त. ती उलट्या क्रमाने द्या, म्हणजे पहिल्या संघाला आधी 'वी' आणि शेवटी 'आ'. सुरुवातीलाच 'आ' आणि 'बां' मिळाले तर चलाख मुलं आजोबांकडे बघायला लागतात. एका संघाच्या चार अक्षरांत पूर्ण उत्तर बसत नाही, म्हणून शेवटी दोन्ही संघांना एकत्र बसावंच लागतं. खजिना दोघांचा, तोही एकाच क्षणी.

४. कोडी रचणं

प्रत्येक कोड्याचे दोन भाग ठेवा. पहिला भाग जागा सांगतो. दुसरा भाग म्हणजे त्या जागी गेल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असा एक छोटा प्रश्न. दुसरा भाग नसेल तर मुलं उभ्या जागी ओरडून उत्तर सांगतात आणि फिरणं होतच नाही.

पहिल्या भागाचे काही नमुने:

राजासॉरसच्या राइडसाठी:
शिंग एक माथ्यावर, राजा माझ्या नावात,
हाडं माझी सापडली नर्मदेच्या खोऱ्यात.

हा डायनासोर खरोखरच आपल्याकडचा. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातमध्ये सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं. डायनासोरवेडं एखादं मूल प्रत्येक टोळीत असतंच, त्याची कळी इथे खुलते.

अलीबाबाच्या राइडसाठी:
चाळीस जण राहतो, दगडाचं दार;
तिळाला हाक मारली की उघडणार!

गोल्ड रश एक्स्प्रेससाठी:
रुळांवरून धावते, पण थांबत नाही गावात,
सोनं शोधायला निघालेले बसले माझ्या डब्यात.

"जिथे पोटात गोळा येतो तिथे जा" असलं कोडं नको. त्याची अर्धा डझन उत्तरं निघतात आणि वाद सुरू होतो. लिहिलेलं कोडं घरात कुणाला तरी वाचून दाखवा. पार्कचा नकाशा हातात देऊनही मोठ्या माणसाला दोन मिनिटांत सुटलं नाही, तर ते मुलांसाठी अवघड आहे.

दुसऱ्या भागातला प्रश्न हलत नाही, झाकला जात नाही आणि बदलत नाही अशा वस्तूवर हवा: दाराच्या कमानीचा रंग, भिंतीवरच्या शिल्पांची संख्या, पुतळ्याच्या हातातली वस्तू, नावाच्या पाटीवरचं एखादं चित्र. झेंडे, कुंड्या, पताका, खाद्यपदार्थांच्या गाड्या मोजायला सांगू नका. सणासुदीच्या सजावटीत त्या सहज बदलतात. प्रश्न बाहेरून, चालण्याच्या वाटेवरूनच सुटायला हवा. म्हणजे राइड त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद असली तरी कोडं चालू राहतं. कुंपणाआड डोकवावं लागेल, कठड्यावर चढावं लागेल किंवा राइड चालवणाऱ्या माणसाला हाक मारावी लागेल, असा एकही प्रश्न नको. त्या माणसाचं लक्ष पट्ट्यांवर आणि कुलपांवर असलं पाहिजे.

मुख्य आठ कोड्यांशिवाय चार जादा कोडी जवळ ठेवा. अक्षर जागेशी नाही, टप्प्याशी बांधलेलं आहे. त्यामुळे एखाद्या जागेभोवती पत्रे लागलेले दिसले तर कोडं बदला, अक्षर तेच द्या.

५. रांगेतला खेळ

दिवसाचा मोठा भाग रांगेत जातो आणि चिडचिड तिथेच होते. प्रत्येक मुलाला पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड आणि आखूड शिसपेन्सिल द्या. कार्डावर नऊ चौकोन, प्रत्येकात शोधायची एक गोष्ट: उलटी टोपी घातलेला माणूस, खांद्यावर बसलेलं मूल, गॉगल लावलेली आजी, तीन वेगवेगळ्या भाषांत कानावर पडलेली वाक्यं, भिजून चिंब झालेलं कुटुंब. दिसलं की फुली. बोट दाखवायचं नाही आणि अनोळखी माणसांचे फोटो काढायचे नाहीत, हे सुरुवातीलाच सांगा. कार्ड भरलं की भेंड्या, पण पार्कमध्ये दिसणाऱ्या वस्तूंच्या नावांच्या.

पेन नको, पेन्सिलच. घामाने आणि पाण्याने शाई पसरते. कार्ड दोरीने मुलांच्या गळ्यात अडकवू नका. छान दिसतं, पण राइडमध्ये गळ्यातली दोरी अडकू शकते. प्रत्येक राइडआधी कार्डं गोळा करून बंद पिशवीत टाकायची आणि बाहेर आल्यावर परत द्यायची. राजासॉरसच्या राइडमध्ये माणूस भिजतो, म्हणून तिथलं कोडं कुठल्याही टप्प्याला ठेवलं तरी राइड अगदी शेवटी, खजिन्यानंतर करा.

६. पिशवीत काय हवं

कोड्यांची बारा कार्डं, आठ अक्षरांची पाकिटं (प्रत्येकावर संघाचा रंग आणि टप्प्याचा आकडा), रांगेची सोळा कार्डं, बारा पेन्सिली, झिपच्या चार मोठ्या पिशव्या, लिहायला दोन पुठ्ठे, ओले रुमाल, ओआरएस आणि प्रत्येक मुलाचा एक जादा टी-शर्ट. आठही मुलांना एकाच भडक रंगाचे टी-शर्ट आणि मनगटाला संघाच्या रंगाची फीत. सारख्या टोप्या देऊ नका, त्या पहिल्याच कोस्टरवर उडतात. स्प्रे, पॉपर आणि फटाक्यासारख्या मेणबत्त्या घरीच राहू द्या.

इमॅजिकात बाहेरचं खाणं नेता येत नाही, त्यामुळे केकचं बोलणं आठवडाभर आधी पार्कशी करून ठेवा: केक कुठल्या रेस्टॉरंटमध्ये मिळेल, मेणबत्ती लावता येईल का, सुरी कोण देईल, टेबल किती वाजता राखून ठेवतील. ज्याच्याशी बोललात त्याचं नाव लिहून घ्या.

७. प्रत्यक्ष त्या दिवशी

आत शिरताच सगळ्या मुलांचा एक एकत्र फोटो काढा. कोणी हरवलं तर त्या दिवसाचे कपडे आणि चेहरा लगेच दाखवता येतो. प्रत्येकाच्या मनगटावर आतल्या बाजूला बॉलपेनने एक मोबाइल नंबर लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. चुकामूक झाली तर फिरायचं नाही, जवळच्या गणवेशातल्या कर्मचाऱ्याला हा नंबर दाखवायचा, हे मुलांकडून वदवून घ्या.

सकाळी मुलं राइड्समध्ये रमलेली असताना एका मोठ्या माणसाने चारही टप्पे फिरून यावं. पाऊण तास पुरतो. दुसऱ्या भागातले प्रश्न तेव्हाच पक्के करा, उत्तरं फोनमध्ये टिपून घ्या, सावली आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते बघा. संकेतस्थळावरचे जुने फोटो पाहून घरी लिहिलेल्या प्रश्नांवर विसंबू नका.

खेळताना धावायचं नाही. जो संघ धावेल त्याने तीस आकडे मोजत उभं राहायचं. प्रत्येक संघाबरोबर एक मोठं माणूस राहील, तिसरं मागून सगळ्यांची मोजणी करत चालेल, आणि आजोबा केकच्या टेबलाशी पिशवी घेऊन बसतील. कोडं अडलं तर तीन मिनिटांनी एक इशारा, सहा मिनिटांनी दुसरा, आठव्या मिनिटाला उत्तर. अक्षर अडवून धरू नका. एका टप्प्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागतोय असं दिसलं तर त्या टप्प्याची राइड सोडून द्या, कोडं सोडू नका. एखादं अक्षर कमी पडलं तर शेवट जमत नाही.

आठ अक्षरं टेबलावर आली की हात पाठीमागे घ्या. मुलं आधी चुकीची जुळवतील, 'शवी' आणि 'पिजो' असले शब्द निघतील. त्यांना जुळवू द्या, यात पाच-दहा मिनिटं जातात आणि ती सगळ्यांत रंगतदार असतात.

पिशवीत आठ छोटे कापडी बटवे ठेवा, सगळे अगदी सारखे. आत एक भिंग किंवा छोटा टॉर्च आणि "एक आइस्क्रीम" असं लिहिलेली चिठ्ठी. चॉकलेट वितळतं आणि तसंही ते बाहेरचं खाणं ठरतं. चिठ्ठी दाखवली की पार्कमधूनच आइस्क्रीम घेऊन द्यायचं. ज्याचा वाढदिवस आहे त्याची खास भेट घरी द्या, इथे त्याचाही बटवा इतरांसारखाच.

केक झाल्यावर अर्धा तास बसू द्या, मगच राहिलेल्या राइड्सना सोडा. निघताना फाटकाशी पुन्हा मोजणी करा, बटवे आणि जादा कपडे नावानिशी परत द्या, आणि गाडी हलली की सगळ्या पालकांना एकाच संदेशात पोचण्याची वेळ कळवा.