सरकार हरतं तेव्हा: एखाद्या देशातलं कायद्याचं राज्य कसं तपासावं

एखाद्या देशात कायद्याचं राज्य आहे का, हे त्या देशाचं संविधान वाचून कळत नाही. न्यायालयं स्वतंत्र आहेत असं जवळपास प्रत्येक संविधानात छापलेलं असतं. तपासायचं ते एवढंच, की सरकार कोर्टात हरू शकतं का आणि हरल्यावर निकाल पाळतं का. पुढची सगळी खटपट या दोन प्रश्नांसाठी.

आधी आवाका ठरवा. ‘अमुक देशातली न्यायव्यवस्था कशी आहे’ हा प्रश्न कुणालाच पेलत नाही. ‘गेल्या पाच वर्षांत सरकारविरुद्धच्या दाव्यांत प्रशासकीय न्यायालयांनी काय केलं’ हा पेलतो.

सुरुवात निर्देशांकांपासून करायला हरकत नाही, पण तिथे मुक्काम नको. वर्ल्ड जस्टिस प्रोजेक्ट ही संस्था कायद्याच्या राज्याच्या आठ घटकांवर देशांना ० ते १ दरम्यान गुण देतं. त्यातला क्रमांक सोडून द्या. यादीत नवे देश आले की काहीच न बदलता क्रमांक घसरू शकतो. एकूण गुणांवरही विसंबू नका. शांत पण दडपशाहीच्या देशाला ‘सुव्यवस्था आणि सुरक्षा’ या घटकात भरघोस गुण पडतात आणि सरासरी फुगते. सरकारी सत्तेवरचे अंकुश, दिवाणी न्याय, फौजदारी न्याय हे घटक सुटे काढा आणि त्याच देशाच्या मागच्या वर्षांशी ताडून पाहा. जागतिक बँकेचा कायद्याच्या राज्याचा निर्देशक इतर संस्थांच्या आकड्यांतून बनतो आणि त्यात वर्ल्ड जस्टिस प्रोजेक्टचे आकडेही असतात. दोन्हीकडे घसरण दिसली म्हणून दोन स्वतंत्र पुरावे मिळाले असं समजू नका. एकच साक्षीदार दोनदा बोललेला असतो.

मग कायदा वाचा, पण ठरावीक प्रश्न हातात घेऊन: न्यायाधीश कोण नेमतं, किती काळासाठी, बदली कोण करतं, शिस्तभंगाची कारवाई कोण करतं, पगार कोण ठरवतं, आणि कोणतं प्रकरण कुणासमोर जाईल हे कोण ठरवतं. शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो. प्रकरणवाटप मुख्य न्यायाधीशांच्या मर्जीवर असेल, तर बाकीचे सगळे न्यायाधीश प्रामाणिक असूनही काम साधता येतं. एकाच माणसाला हाताशी धरलं की झालं. सोडतीने किंवा संगणकाने वाटप होत असेल तर त्याची नोंद मागा. नोंद मिळत नसेल, तर सोडत आहे असं धरू नका. प्रश्नांची यादी स्वतः बनवण्याऐवजी युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगाने (संविधानविषयक सल्ला देणारं तज्ज्ञांचं मंडळ) २०१६ मध्ये स्वीकारलेली तपासणी-सूची घ्या. ती नेमकी याच कामासाठी आहे.

कायद्यातले बदल तारखेसह लिहून काढा. न्यायाधीशांना उघड बडतर्फ करणं महागात पडतं, म्हणून वयाची आडवाट धरली जाते. हंगेरीने २०१२ पासून न्यायाधीशांचं निवृत्तिवय ७० वरून ६२ वर आणलं. पोलंडने २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी ते ७० वरून ६५ केलं आणि मुदतवाढ देणं राष्ट्राध्यक्षांच्या हाती ठेवलं. दोन्ही बदल युरोपीय संघाच्या न्यायालयात टिकले नाहीत, पण हंगेरीत निकाल येईपर्यंत बऱ्याच न्यायालयांच्या अध्यक्षपदांवर नवी माणसं बसली होती. असा बदल दिसला की तीन गोष्टी बघा: तो सध्या पदावर असलेल्यांना लागू होतो का, अपवाद करण्याचा अधिकार कुणाकडे आहे, आणि रिकाम्या जागा कोण भरणार. तिन्ही उत्तरं एकाच दिशेला गेली, तर ‘तरुणांना संधी’ हे कारण पटवून घ्यायची गरज नाही. वेगही बघा. तुर्कस्तानात १५ जुलै २०१६ च्या रात्री उठावाचा प्रयत्न झाला आणि दुसऱ्याच दिवशी २,७४५ न्यायाधीश व सरकारी वकील निलंबित झाले. इतक्या लोकांची एकेकट्याची चौकशी एका दिवसात होत नाही.

आकड्यांपैकी दोन लागतातच. वर्षात निकाली निघालेली प्रकरणं भागिले नव्याने दाखल झालेली, गुणिले १००, हा निपटाऱ्याचा दर. आणि वर्षअखेरीची प्रलंबित प्रकरणं भागिले निकाली निघालेली, गुणिले ३६५, हा अंदाजे लागणारा वेळ. समजा १२,००० प्रकरणं दाखल झाली, ११,४०० निकाली निघाली आणि १८,००० पडून आहेत: दर ९५ टक्के, वेळ सुमारे ५७६ दिवस. पण हा आकडा सुधारायला सोप्या पळवाटा आहेत. किरकोळ प्रकरणं आधी उरकायची, पक्षकार एका तारखेला गैरहजर राहिला म्हणून दावा काढून टाकायचा, किंवा दुसऱ्या कोर्टात वर्ग केलेलं प्रकरण ‘निकाली’ दाखवायचं. म्हणून प्रलंबित प्रकरणांचं वय मागा आणि निकाली प्रकरणांत गुणदोषांवर निकाल किती, तेही विचारा.

शिक्षेच्या प्रमाणावरून घाईने निष्कर्ष काढू नका. जपानमध्ये खटला उभा राहिलेल्यांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त जणांना शिक्षा होते. याचं मोठं कारण असं, की तिथले सरकारी वकील कच्ची प्रकरणं कोर्टात नेतच नाहीत. प्रश्न मग एक पायरी मागे सरकतो: खटला भरण्याआधी संशयिताला किती दिवस कोठडीत ठेवतात, आणि चौकशीच्या वेळी वकील शेजारी असतो का?

खरं काम निकालपत्रांत आहे. साठ प्रकरणं पुरतात: वीस सरकार पक्षकार असलेली, वीस फौजदारी, वीस साधी दिवाणी. ती वर्तमानपत्रातून उचलू नका. तिथे गाजलेलीच भेटतात. कोर्टाच्या नोंदवहीतून दर पन्नासावं घ्या. गाजलेली राजकीय प्रकरणं वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा आणि दोन गठ्ठ्यांची तुलना करा. अनेक देशांत भाडेकराराचा दावा नीट चालतो आणि विरोधकाचा खटला चालत नाही. सगळं एकत्र मिसळलं तर नेमकं हेच झाकलं जातं. प्रत्येक प्रकरणासाठी एकच तक्ता भरा: दाखल तारीख, तारखा किती पडल्या व कुणाच्या विनंतीवरून, जामीन, बचावाचे साक्षीदार मागितले किती व बोलावले किती, निकाल, अंमलबजावणी. मग आरोपपत्र आणि निकालपत्र शेजारी ठेवून ओळ-ओळ वाचा. परिच्छेद तोच, क्रम तोच, एखाद्या आडनावातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच, असं असेल तर निकाल कुठे लिहिला गेला याचा अंदाज येतो. बचावाचा मुख्य मुद्दा निकालपत्रात शोधा. तो फेटाळला असेल तर ठीक. त्याचा उल्लेखच नसेल, तर नोंदवा.

कोर्टात बसायचं असेल, तर नागरी आणि राजकीय हक्कांविषयीच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम १४, म्हणजे न्याय्य सुनावणीच्या हक्काचं कलम, सोबत ठेवा. त्यातली प्रत्येक हमी एक रकाना होते. दोन निरीक्षकांनी वेगवेगळ्या वह्यांत लिहावं आणि दिवस संपेपर्यंत आपसात बोलू नये. घड्याळ बघून लिहा: बचावाला किती मिनिटं मिळाली, सरकारी वकिलाला किती. सुट्टीत न्यायाधीशांच्या दालनात कोण गेलं, दुभाष्या पूर्ण वाक्य सांगतो की सारांश, तेही टिपा. एका तारखेवरून मत बनवू नका, आणि खटला चालू असताना बाहेर एक अक्षर बोलू नका.

मुलाखतींत ‘इथले न्यायाधीश भ्रष्ट आहेत का’ असं विचारलं की तक्रारी मिळतात, माहिती नाही. ‘तुमच्या शेवटच्या प्रकरणात काय झालं’ असं विचारा. वकिलांबरोबर सरकारी वकील, निवृत्त न्यायाधीश, कोर्टातले कारकून आणि जिंकलेले पक्षकारही घ्या. नावांची यादी टिपणांपासून वेगळी, कुलपात. याबाबतच्या हलगर्जीची किंमत तुम्हाला मोजावी लागत नाही, बोलणाऱ्याला लागते.

शेवटी निकालानंतरचा दिवस. ट्युनिशियात १ जून २०२२ रोजी राष्ट्राध्यक्षांनी ५७ न्यायाधीश बडतर्फ केले. ऑगस्टमध्ये प्रशासकीय न्यायालयाने त्यांपैकी ४९ जणांच्या बडतर्फीला स्थगिती दिली. सरकारने त्यांना कामावर घेतलं नाही. निकालपत्रं वाचून थांबलेला तपासनीस या देशाला ‘न्यायालय स्वतंत्र’ असा शेरा देऊन मोकळा होईल. म्हणून सरकारविरुद्धचा प्रत्येक निकाल घेऊन पक्षकाराकडे परत जा: पैसे मिळाले का, परवाना मिळाला का, माणूस सुटला का, की दारातच दुसऱ्या गुन्ह्यात पुन्हा अटक झाली?

अहवालात कायदा आणि व्यवहार वेगळे मांडा, आणि सगळ्याचा एक गुण देण्याचा मोह टाळा. लोक तेवढाच वाचतात. प्रत्येक विधानाशेजारी ते किती प्रकरणांवर उभं आहे ते लिहा. मसुदा न्याय मंत्रालय आणि न्यायालय प्रशासनाला पाठवून तीन आठवडे थांबा. आलेलं उत्तर जसंच्या तसं जोडा. नाही आलं, तर मसुदा पाठवल्याची तारीख छापा.