इन-हाउस ॲप्लिकेशन क्लाउडवर नेणार असाल तर एवढं वाचून घ्या

बँक, इन्शुरन्स, शिपिंग, फार्मा... मुंबईतल्या अशा एखाद्या कंपनीच्या आयटी विभागात नुकतेच लागला असाल आणि 'आपलं ॲप्लिकेशन क्लाउडवर न्यायचंय' हे कानावर आलं असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. जावा, एसक्यूएल, गिट येतं असं धरून चालतोय.

पूर्वी सर्व्हर हवा तर मागणी, मंजुरी, खरेदी, मग रॅकमध्ये बसवणं. त्यात महिने जायचे. आता क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये, भाड्याचं मशीन काही मिनिटांत उभं राहतं आणि बऱ्याचदा ते डेव्हलपरच उभं करतो. म्हणजे नेटवर्कचे नियम, परवानग्या, बॅकअप, बिल हे सगळं तुमच्याही गळ्यात येतं. सुरुवातीला छाती दडपते. माझी अजूनही दडपते. पण हे शिकता येतं, खरंच येतं.

आता मुख्य गोष्ट, आणि ती मी सविस्तरच सांगणार. जुनी इन-हाउस ॲप्लिकेशन्स 'सर्व्हर एकच आहे आणि तो कायम राहणार' असं गृहीत धरून लिहिलेली असतात. आमचं क्लेम्सचं ॲप्लिकेशन तसंच होतं. अपलोड केलेली पीडीएफ सर्व्हरच्याच डिस्कवर, लॉगिनचं सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद) मेमरीत, रात्रीचा रिपोर्ट त्याच मशीनवरच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय). ते जसंच्या तसं क्लाउडवर गेलं. टेस्टिंगला एकच मशीन, त्यामुळे सगळं सुरळीत. महिनाअखेरीस लोड वाढला, ऑटोस्केलिंगने (लोडप्रमाणे मशीनं आपोआप वाढवणारी-कमी करणारी सोय) दुसरं मशीन उभं केलं आणि गोंधळ सुरू झाला. अपलोड पहिल्या मशीनवर, पुढची रिक्वेस्ट दुसऱ्यावर, फाइल सापडेना. माणसं काम करता करता लॉगआउट व्हायला लागली. रात्री क्रॉन दोन्हीकडे चालला आणि शाखांना तेच ईमेल दोनदा गेले. लोड उतरल्यावर एक मशीन आपोआप काढून टाकलं गेलं, आणि त्याच्या डिस्कवरच्या फाइलीही गेल्या.

म्हणून फाइली ॲमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (मशीनच्या बाहेरचा, सगळ्या मशीनना पोचता येणारा फाइलींचा साठा), सेशन रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा वेगवान साठा) किंवा डेटाबेसमध्ये, लॉग मशीनच्या बाहेर, आणि वेळापत्रकाची कामं अशा ठिकाणी जिथे ती एकदाच चालतील याची खात्री असेल. कोणी म्हणेल, लोड बॅलन्सरवर (रिक्वेस्ट मशीनांमध्ये वाटणारा) स्टिकी सेशन लाव, म्हणजे एका माणसाच्या सगळ्या रिक्वेस्ट एकाच मशीनवर जातील, भागेल. नका लावू. ते मशीन गेलं की सेशनही जातं, फक्त दुखणं पुढे ढकललं जातं. टेस्टिंगला पहिल्या दिवसापासून दोन मशीन ठेवा आणि चालू कामात त्यातलं एक मुद्दाम बंद करून बघा.

डेटा कुठे ठेवायचा हा प्रश्न मुंबईत टाळता येत नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई रीजन, म्हणजे इथल्या डेटा सेंटरांचा गट, 2016 मध्ये सुरू झालं. पेमेंटचा डेटा भारतातच साठवण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश एप्रिल 2018 चा. काम क्लाउड कंपनीकडे दिलं तरी जबाबदारी बँकेचीच राहते. त्यामुळे बॅकअप कुठल्या रीजनमध्ये कॉपी होतोय हे स्वतः उघडून बघा, दुसऱ्याच्या सांगण्यावर राहू नका.

बिलाचं थोडक्यात. आठवड्यात 168 तास असतात. डेव्हलपमेंटचं मशीन रोज 12 तास, पाच दिवस चालवलं तर 60 तासच लागतात. बाकी वेळ बंद ठेवा. मात्र बंद मशीनच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं, हे विसरू नका.

क्लाउडचं सर्टिफिकेट जरूर करा, मुलाखतीला उपयोग होतो. पण माझ्या मते खरा गुरू म्हणजे तुमच्याच ऑफिसात वर्षानुवर्षं डेटा सेंटर सांभाळलेला माणूस. नवी मंडळी त्यांना जुनाट समजून टाळतात, याचा मला राग येतो. हे ॲप्लिकेशन कुठल्या फोल्डरमध्ये लिहितं, कुठला आयपी कोडमध्येच टाकलेला आहे, कुठला जॉब कधी चालतो, हे त्यांना तोंडपाठ असतं आणि बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं. ते रिटायर व्हायच्या आत त्यांच्याशेजारी बसून सगळं वहीत उतरवून घ्या.