विंडोजवर सीमेकला ‘रिलीज’ सांगूनही ‘डीबग’च बनतं: माझा अनुभव

सीमेक म्हणजे सोर्स कोडवरून प्रोग्राम बनवण्याची (बिल्डची) तयारी करून देणारं साधन. त्याला बिल्ड टाइप ‘रिलीज’ दिला, म्हणजे वापरकर्त्यांना द्यायची आवृत्ती; ‘डीबग’ ही चुका शोधायची. लिनक्सवर मेकफाइलने (बिल्डच्या सूचनांची फाइल) तो पाळला. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओने (मायक्रोसॉफ्टचं प्रोग्रामिंगचं साधन) बनवलेली फाइल मात्र डीबग फोल्डरमध्ये. कॅशे पुसली, सीमेक नव्याने टाकलं, काही फरक नाही. डोकं पार पिकलं.

मेकफाइल आणि साध्या निंजामध्ये (आणखी एक बिल्ड साधन) बिल्ड टाइप कॉन्फिगर करतानाच, म्हणजे सीमेक बिल्डच्या फाइली तयार करतं तेव्हाच, ठरतो. व्हिज्युअल स्टुडिओ, एक्सकोडमध्ये (ॲपलचं तसंच साधन) तो बिल्डच्या वेळी ठरतो. आधी दिलेल्या व्हेरिएबलला तिथे कोणी विचारत नाही.

आधी बिल्ड टाइप देऊन नेहमीसारखं कॉन्फिगर करा. मग बिल्डच्या कमांडला ‘--कॉन्फिग रिलीज’ जोडा (मेकफाइलला त्याने काही होत नाही, त्यामुळे सगळीकडे तीच कमांड चालते). सीमेकलिस्टमध्ये (सीमेकसाठी सूचना लिहायची फाइल) बिल्ड टाइप तपासणारे ‘इफ’ असतील तर त्यांच्या जागी जनरेटर एक्सप्रेशन (प्रत्येक बिल्ड टाइपसाठी वेगळी किंमत देणारी सीमेकची रचना) घाला. फ्लॅग (कंपायलरला द्यायच्या सूचना) गळतात ते बहुधा इथेच. शेवटी सीटेस्टलाही (सीमेकसोबतचं टेस्ट चालवणारं साधन) कॅपिटल ‘सी’ ऑप्शनने ‘रिलीज’ सांगा, नाहीतर विंडोजवर टेस्ट चालतच नाहीत.