घरच्या कॉम्प्युटरवर जुने आर्केड गेम: मेम बसवण्यापासून नाणं टाकण्यापर्यंत

पॅक-मॅनच्या २५६व्या लेव्हलला पडद्याचा उजवा अर्धा भाग वेड्यावाकड्या अक्षरांनी भरतो आणि गेम पुढे सरकतच नाही. १९८० सालच्या त्या आर्केड मशीनमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनमध्ये, लेव्हल मोजायला एकच बाइट होता, तो तिथे संपतो. इम्युलेटरवर खेळलात तरी नेमकं हेच होतं. इम्युलेटर गेमची नक्कल करत नाही, मशीनची करतो: प्रोसेसर, साउंड चिप, पडदा. त्या नकली मशीनवर मूळ प्रोग्राम जसाच्या तसा चालतो, चुकांसकट.

म्हणून तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक, इम्युलेटर. आर्केडसाठी सर्वांत व्यापक म्हणजे मेम (MAME); निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने तो १९९७ मध्ये आणला आणि २०१६ पासून तो ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला आहे. दुसरी गोष्ट, रॉम: मूळ मशीनच्या चिपमध्ये जे होतं ते फाइलमध्ये उतरवलेलं. मेमसोबत गेम येत नाहीत.

मेम बसवा. फक्त मेमच्या अधिकृत साइटवरून घ्या. विंडोजसाठी मिळणारी फाइल स्वतःच उलगडते. तिला स्वतःचं वेगळं फोल्डर द्या. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये टाकू नका, कारण मेमला सेटिंग आणि स्कोअर आपल्याच फोल्डरमध्ये लिहायचे असतात आणि विंडोज तिथे आडकाठी करतं. लिनक्सवर पॅकेज मॅनेजरमधून थेट बसतो.

आधी फुकटच्या गेमवर चाचणी घ्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग गेम चालला नाही की दोष मेमचा की रॉमचा हे कळत नाही. मेमच्याच साइटवर हक्कधारकांच्या परवानगीने काही रॉम ठेवलेत. त्यातला 'रॉबी रोटो' किंवा 'ग्रिडली' घ्या. ग्रिडली बाजारात कधी आलाच नाही, त्यामुळे तो खेळायला हीच जागा. आलेली झिप फाइल मेमच्या 'रॉम्स' फोल्डरमध्ये तशीच ठेवा. उघडू नका, नाव बदलू नका. मेम नावावरूनच ओळखतो.

आता मेम सुरू करा. हजारो नावांची यादी दिसेल, ती बघून हुरळून जाऊ नका. डावीकडे 'अव्हेलेबल' निवडलंत की तुमच्याकडे खरोखर असलेलेच गेम उरतात. गेम उघडला की ५ दाबा, म्हणजे नाणं पडलं. १ दाबलं की खेळ सुरू. हलायला बाणांच्या कळा; कंट्रोल, आल्ट आणि स्पेस ही पहिली तीन बटणं. टॅबने मेनू उघडतो, एस्केपने बाहेर. ग्रिडली ट्रॅकबॉलचा, म्हणजे तळहाताने गोळा फिरवून खेळायचा गेम आहे, तेव्हा सेटिंगमध्ये माउस चालू केलात तर जास्त मजा येते.

बाकीचे रॉम. मेम वापरणं कायदेशीर आहे, पण बहुतेक गेमचे हक्क आजही कंपन्यांकडे आहेत आणि कुठूनही रॉम उतरवणं त्यात बसत नाही. कटकट नको असेल तर कंपन्यांनीच विकायला काढलेले संग्रह घ्या. कॅपकॉमचा 'आर्केड स्टेडियम' कॉम्प्युटरवर मिळतो आणि त्यात इम्युलेटर आतच असतो.

तुमच्याकडे रीतसर मिळवलेले रॉम असतील आणि फाइल्स कमी किंवा चुकीच्या असल्याचा संदेश आला, तर घाबरू नका. नेहमीचं कारण एकच: रॉम वेगळ्या आवृत्तीसाठी बनलेत. एखाद्या चिपची जास्त अचूक प्रत सापडली की मेम नवी प्रत मागतो, जुनी झिप नाकारतो.

दुसरं कारण पालक-क्लोनचं नातं. मेमच्या लेखी मूळ गेम जपानी 'पक-मॅन' आहे आणि 'पॅक-मॅन' त्याचा क्लोन. क्लोनच्या झिपमध्ये फक्त बदललेल्या चिप असतील, तर पालकाची झिपही शेजारी हवी. निओ जिओच्या गेमना त्या मशीनची बायोस (मशीन सुरू करणारा प्रोग्राम) झिप वेगळी लागते. 'किलर इन्स्टिंक्ट'सारख्या हार्ड डिस्कवरच्या गेमना डिस्कची मोठी फाइल लागते, आणि ती गेमच्या नावाच्या फोल्डरमध्ये जाते.

चित्र आणि हात. चित्र पुसट वाटलं तर व्हिडिओ ऑप्शन्समध्ये 'बायलिनिअर फिल्टरिंग' बंद करा. पिक्सेल धारदार होतात. पॅक-मॅनचा पडदा उभा होता, तेव्हा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. चित्र ताणून त्या भरू नका, भुतं जाडी दिसतात. टीव्हीला जोडलं असेल तर टीव्हीचा 'गेम मोड' लावा, नाहीतर कळ दाबल्यानंतर हालचाल उशिरा दिसते. दोघांनी एकाच कीबोर्डवर मारामारीचे गेम खेळू नयेत: साधे कीबोर्ड एका वेळी ठरावीकच कळा ओळखतात आणि नेमका तुमचा फटका गायब होतो.

टॅबच्या मेनूत 'डिप स्विचेस' जरूर बघा. मशीनचा मालक आतल्या छोट्या स्विचांनी जे ठरवायचा ते आता तुमच्या हाती आहे. पॅक-मॅनमध्ये जीव १, २, ३ किंवा ५ ठेवता येतात, जादा जीव १०,००० गुणांना द्यायचा, १५,००० ला की २०,००० ला तेही. बदल केल्यावर एफ३ दाबून मशीन रीसेट करा. बरेच गेम हे स्विच सुरू होतानाच वाचतात.